माळव्याचे चार जामीन

आज घरातल्या एका गोष्टीपासून सुरुवात करतो.

माझ्या पुतण्याला गुडगावात नोकरी लागली. घरमालक म्हणाले, इथलाच कुणी जामीनदार आणा. पुतण्या भाडेकरार घेऊन नोएडाला माझ्याकडे आला. "काका, नुसती सही हवीय." ते ऐकलं आणि मला 1741 साल आठवलं.

त्या वर्षी मे महिन्यात नानासाहेब पेशवे धोलपूरला सवाई जयसिंगांना भेटले. माळवा मराठ्यांनी तलवारीच्या जोरावर घेतलाच होता, त्यावर दिल्लीच्या मुहम्मदशाह बादशहाची सनद हवी होती. पुढे माळव्याची नायब सुभेदारी पेशव्यांना मिळाली. अट अशी की, बादशहाच्या इतर सुभ्यांत शिरायचं नाही आणि एका सरदारासह 500 स्वार बादशहाच्या सेवेत ठेवायचे.

पण नुसत्या शब्दावर दिल्ली विश्वास कसा ठेवणार? म्हणून राणोजी शिंदे, मल्हारराव होळकर, यशवंतराव पवार आणि पिलाजी जाधव या चौघांनी जामीन म्हणून लिहून दिलं: पेशव्यांनी करार मोडला, तर आम्ही त्यांची चाकरी सोडू.

फौजी माणूस म्हणून मला यात शहाणपण दिसतं. ज्यांच्या घोडदळाशिवाय पेशव्यांना उत्तरेत मोहीम काढणं अवघड, त्यांनाच जामीन घेतलं. आणि करार मोडला तर जामिनांनी नेमकं काय करायचं, तेही कागदावर स्पष्ट होतं.

पुतण्याच्या कागदात मात्र मोघम एकच ओळ होती: 'सर्व जबाबदारी जामीनदाराची.' 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 128 सांगतं की, करारात वेगळं लिहिलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते. म्हणजे भाडं थकलं, तर मालक थेट माझ्या दारात उभे राहू शकतात. सहभाडेकरूला निदान घरात राहायचा हक्क असतो. जामीनदाराला घर नाही, फक्त देणं.

मी सही केली, पण तीन गोष्टी लिहून घेतल्या. जबाबदारी जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या भाड्यापुरती. मुदत 11 महिने. भाडं किंवा अटी बदलल्या तर माझी नवी सही हवी. कलम 133 नुसार संमतीशिवाय अटी बदलल्या, तर त्यापुढच्या व्यवहारातून जामीनदार सुटतोच, तरी लिहिलेलं बरं. मालकांनीही हे मान्य केलं.

पुतण्या जरा खट्टू झाला. म्हणाला, "काका, माझ्यावर विश्वास नाही का?"

म्हटलं, "बाळा, विश्वास आहे म्हणून तर सही केली. त्या चौघांचाही पेशव्यांवर होताच. तरी मर्यादा लिहूनच त्यांनी सही केली."

जय हिंद.