खिमा-मॅकरोनी आणि पंचवटीचा गहू

नाशिकजवळ निफाड येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे गहू संशोधन केंद्र आहे. तेथे तयार झालेल्या बन्सी गव्हाच्या एका जिरायती वाणाला ‘पंचवटी’ असे नाव देण्यात आले. कागदोपत्री त्याची ओळख एन.आय.डी.डब्ल्यू. १५ अशी रुक्ष आहे. पण शेवया, कुरडया आणि पास्ता यांसाठी हा गहू उत्तम, अशी शिफारस कृषितज्ज्ञ करतात. रामकुंडाच्या तीराचे नाव धारण करणारा गहू इटलीच्या मॅकरोनीस उपयोगी पडावा, याचे आम्हांला मोठे कौतुक वाटते. आमच्या पुष्कळ ख्रिस्ती घरांत रविवारी शिजणाऱ्या खिमा-मॅकरोनीला ‘परक्यांचे खाणे’ म्हणून हिणवणारे घरात आणि घराबाहेरही भेटतात. त्यांच्यासाठी हा थोडा इतिहास.

बन्सी गव्हाचा दाणा कठीण, काचेसारखा आणि पिवळसर असतो. त्याचा रवा भिजवून वळला, वाळवला आणि उकळत्या पाण्यात सोडला, तरी त्याचा गिच्च गोळा होत नाही. ही किमया इटलीच्या गृहिणींना जशी ठाऊक होती, तशीच आमच्या आजीबाईंनाही होती. गव्हले, बोटवे, नखुले, मालत्या ही नावे आता रुखवताच्या ताटापुरती उरली आहेत. पण नखाने दाबून वळलेले नखुले आणि इटलीतील शिंपल्यांच्या आकाराचा पास्ता शेजारी शेजारी ठेवले, तर सख्खी भावंडेच म्हणावी लागतील. आमटीत शिजवलेल्या चकोल्या किंवा वरणफळे हा तर ओला पास्ताच. फक्त त्याला तसे म्हणण्याचे कोणाला सुचले नाही एवढेच.

मार्को पोलोने चीनहून पास्ता आणला, ही कथा रंजक असली तरी खरी नाही. तो परतला १२९५ साली. त्याच्या सुमारे १४० वर्षे आधी, ११५४ साली, सिसिलीच्या ख्रिस्ती राजाच्या पदरी असलेल्या अल्-इद्रीसी या मुसलमान भूगोलकाराने नोंदवून ठेवले आहे की पालेर्मोजवळच्या त्राबिया गावी ‘इत्रिया’ नावाच्या शेवया विपुल होतात आणि गलबते भरभरून ख्रिस्ती व मुसलमान अशा दोन्ही मुलखांत जातात. याच अरबी शब्दापासून पोर्तुगीजांचा ‘अलेत्रिया’ झाला. दूध, अंडी, साखर घालून केलेले हे पक्वान्न म्हणजे आपल्या शेवयांच्या खिरीची चुलतबहीणच.

पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. सतराव्या शतकात नेपल्स शहरात लोकसंख्या फुगली आणि मांस गरिबाच्या आवाक्याबाहेर गेले. त्याच सुमारास मळणी-दाबणीची यंत्रे आली आणि मॅकरोनी स्वस्त झाली. एके काळी ‘पालेखाऊ’ म्हणून ओळखले जाणारे नेपल्सवासी ‘मॅकरोनीखाऊ’ झाले. रस्त्यावरच्या कढईतून काढलेली मॅकरोनी ते नुसते चीज भुरभुरवून हातानेच खात. म्हणजे पास्ता मांसासोबत नव्हे, मांसाच्या जागी आला. तेथील दरिद्री कुटुंबे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत गेली, तेव्हा त्यांना गोमांस स्वस्तात मिळू लागले आणि मॅकरोनीच्या ताटात मांसाचा सढळ हात पडला. आज ज्याला जग ‘साधे घरगुती जेवण’ म्हणते, ते स्थलांतरितांच्या पहिल्या पोटभर जेवणातून घडले.

आमच्याकडेही हे स्थलांतरितांचेच अन्न आहे. वसईचा भात-मासळी खाणारा, गोव्याचा, अहिल्यानगर जिल्ह्यातला भाकरी खाणारा, असे सारे नोकरीनिमित्त नाशिकला आले. गव्हाशी अनेकांची ओळख उशिरा झाली. १९५६ साली भारताने अमेरिकेशी पी.एल. ४८० कायद्याखाली धान्याचा करार केला, त्यानंतर परदेशी गव्हाची जहाजे बंदराला लागू लागली. कॅथॉलिक रिलीफ सर्व्हिसेसच्या मार्फत दलिया आणि दुधाची भुकटी धर्मग्रामांपर्यंत पोहोचली. त्या काळातील वडीलधारी मंडळी ‘मिलो’चे नाव काढले की अजून तोंड वाकडे करतात! पुढे मॅकरोनीची पाकिटे वाण्याकडे सहज मिळू लागली आणि भट्टी नसलेल्या घरांतही ती शिजू लागली.

राहिला प्रश्न मांसाचा. तो टाळून हा इतिहास लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बाजारात ज्याला लोक दबक्या आवाजात ‘मोठ्याचे’ म्हणतात, ते बकऱ्याच्या मटणाच्या मानाने पुष्कळ स्वस्त. म्हणूनच ते गरिबाच्या घरात शिजत आले, मग त्याचा धर्म कोणताही असो. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीस १९७६ च्या कायद्याने बंदी आली. १९९५ साली विधिमंडळाने ती बैल आणि वळू यांनाही लागू करणारी दुरुस्ती केली. तिला राष्ट्रपतींची संमती मात्र २०१५ साली मिळाली आणि त्या वर्षीच्या मार्चपासून ती अमलात आली. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. परराज्यातून आणलेले मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम मात्र रद्द केले. म्हशीचे मांस कायद्याच्या अटी पाळून मिळू शकते. तेव्हा आज आमच्या घरांतला खिमा म्हणजे म्हशीचा, आणि तो परवानाधारक दुकानातूनच घ्यावा.

पंचवटीसारख्या क्षेत्री राहणाऱ्याला कायद्याखेरीज शेजारधर्मही असतो. मूर्तीपुढे वाहिलेल्या मांसाविषयी करिंथकरांना लिहिताना संत पौलाने खाण्याचे स्वातंत्र्य नाकारले नाही. पण दुसऱ्याच्या मनाची काळजी घेण्यास सांगितले. आमच्या मते याचा अर्थ चोरून खाणे असा नाही. ज्यांना चालत नाही त्यांना आधी सांगावे, आग्रह करू नये, आणि कोणी विचारले तर खोटे बोलू नये.

आता कृती. सहा माणसांसाठी पाव किलो मॅकरोनी आणि ३०० ग्रॅम खिमा पुरतो. जाड बुडाच्या पातेल्यात दोन मोठे कांदे तांबूस परतावेत (लासलगावच्या शेजाऱ्यांनी कांद्याची काटकसर करू नये). त्यात आले-लसूण, हळद, तिखट व मिरपूड घालून खिमा मोठ्या आचेवर पाणी आटेपर्यंत परतावा. घाई केली तर वास राहतो. चार पिकलेले टोमॅटो चिरून घालावेत. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात भाव कोसळला की सहा घालावेत. वाटीभर पाणी घालून, झाकण ठेवून, मंद आचेवर अर्धा-पाऊण तास शिजवावे, कारण म्हशीचा खिमा चिवट असतो. मग पाऊण लिटर उकळते पाणी, मीठ आणि कोरडी मॅकरोनी त्याच पातेल्यात सोडावी. दहा-बारा मिनिटांत ती शिजते. वेगळ्या भांड्यात उकडून पाणी ओतून देऊ नये: त्या पाण्यातील पिष्टानेच रस दाट होतो, आणि गॅसही वाचतो. चीज परवडले तर किसून घालावे, नाहीतर कोथिंबीर पुरे.

शुक्रवारी याच पातेल्यात खिम्याऐवजी रात्रभर भिजवलेला अख्खा मसूर पडतो. पाणी तेवढे अर्धा पेला जास्त लागते.