बंदुकीचा घोडा कोणी घडवला?

दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा बाजारही. मी तिथे घोडा घ्यायला कधी गेलो नाही, घेणाऱ्यांकडे बघायला मात्र गेलो आहे. जाणता गिऱ्हाईक किंमत शेवटी विचारतो. आधी दात बघून वय ठरवतो, अंगावरचे भोवरे तपासतो, रेवाल चाल चालवून बघतो. मग हळूच विचारतो, "कोणाच्या दावणीचा?" घोडा कोणी वाढवला हे कळल्याशिवाय त्याचं समाधान होत नाही.

मराठीत बंदुकीलाही घोडा असतो. चाप ओढला की पडतो तो. हा दुसरा घोडा घेतानाही जुने शिकारी नेमका हाच प्रश्न विचारत. कोणी घडवला? आज मी या प्रश्नाविषयी बोलणार आहे. शिकार आपल्याकडे कायद्याने बंद आहे, त्यामुळे हा खरेदीचा सल्ला नव्हे, इतिहासाचं एक पान आहे.

सारंगखेड्याहून तापीच्या उगमाकडे जात राहिलं की बुऱ्हाणपूर लागतं, त्यापुढे असीरगड. १६०१ मध्ये अकबराने हा किल्ला घेतला आणि खानदेश मोगलांकडे गेला. या मोहिमेत असलेल्या अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त बादशहाच्या बंदुकांविषयी बारकाईने लिहिलं आहे. पूर्वी लोखंडाचा पत्रा वळवून कडेला कड जोडत आणि नळी करत. अशी नळी जास्त दारू भरली की फुटायची. मग पत्रा तिरका गुंडाळून, घडीवर घडी चढवून, हळूहळू तापवत सांधायची रीत आली आणि नळ्या मजबूत झाल्या. उस्ताद कबीर आणि हुसेन या नामांकित कारागिरांचा तो उल्लेख करतो.

याहून मोलाची गोष्ट पुढे आहे. प्रत्येक बंदुकीवर लोखंडाचं वजन, ते कुठून आणलं ते ठिकाण, घडवणाऱ्याचं नाव, जागा आणि तारीख कोरलेली असे. नळी फुटली तर जाब कोणाला विचारायचा, हे त्या नळीवरच लिहिलेलं! हजारोंतून निवडलेल्या १०५ बंदुका बादशहाच्या खास वापराच्या होत्या. त्यातल्या 'संग्राम' नावाच्या बंदुकीने १,०१९ जनावरं मारल्याची नोंदही आईनमध्ये आहे.

आता अडीच-तीनशे वर्षं पुढे येऊ. संस्थानिक आणि साहेब लोक लंडन-बर्मिंगहॅमच्या कारागिरांकडून शिकारी रायफली बनवून घेऊ लागले. रिग्बी, पर्डी, हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स ही तिथली मातब्बर नावं. कलकत्त्यालाही मँटनची पेढी होती. चांगला कारागीर गिऱ्हाइकाचं माप शिंप्यासारखं घेई. दस्ता लांब-आखूड, वर-खाली करता येईल अशी मापाची बंदूक हातात देऊन बघे. खांद्याला लावताच नजर थेट माशीवर आली पाहिजे, कारण वाघ समोर आल्यावर मान वाकडी करायला सवड नसते.

दुनळी रायफलीत तर खरी कसोटी लागे. दोन्ही नळ्यांच्या गोळ्या ठराविक अंतरावर एकाच जागी पडायला हव्यात. त्यासाठी कारागीर बार काढून बघे, नळ्यांमधली पाचर किंचित सरकवे, पुन्हा सांधे, पुन्हा बार काढे. ही जुळवणी ठराविक वजनाची गोळी आणि ठराविक दारू धरूनच केलेली असे. काडतूस बदललं की सगळं बिघडलं.

आणि इथे आपला उन्हाळा आडवा येई. वाघाची शिकार बहुधा एप्रिल-मेमध्ये, कारण पाणवठे आटतात आणि जनावर उरलेल्या डोहांशी येतं. त्या काळच्या कॉर्डाइट दारूचा दाब उष्णतेने वाढतो. लंडनच्या गारठ्यात जुळवलेली रायफल आपल्याकडच्या उन्हात वेगळी वागे, कधी झडलेलं काडतूस नळीत अडकून बसे. म्हणून उष्ण देशांसाठी कमी दारूची वेगळी काडतुसं निघाली. जाणता गिऱ्हाईक नक्षीकाम नंतर बघे. या कारागिराला हिंदुस्थानचं ऊन ठाऊक आहे का, हे आधी बघे.

इथपर्यंत हे सगळं वाचताना मलाही त्या कारागिरीचं कौतुक वाटतं. पण खानदेशचा माणूस म्हणून मी एवढ्यावर थांबू शकत नाही.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभारायला घेतली. भिल्लांचा विश्वास त्याने मिळवला तो बराचसा शिकारीतून. त्याने मारलेल्या वाघांची कीर्ती पुढे त्याच्या चरित्रांतून गाजली. पण वाघाचा माग काढायचा भिल्लाने, रान हाकायचं भिल्लाने. बंदूक निवडणारा मचाणावर किंवा हत्तीवर, आणि त्या निवडीवर ज्याचा जीव टांगलेला, तो खाली झुडपात. नेम चुकला, काडतूस अडकलं, की जखमी वाघ गचपणात शिरायचा. त्याच्या रक्ताच्या माग्यावर पुढे चालणारा बहुतेक वेळा कोण असे, हे सांगायला नको.

या माणसाचं स्वतःचं हत्यार तीरकामठा. बांबू तो स्वतः पारखून आणी, दोरीही बांबूच्याच चिपेची, तीराचं पातं ओळखीच्या लोहाराकडचं. कारागीर निवडण्याची अक्कल त्याच्याकडेही पुरेपूर होती. बंदुकीच्या बाबतीत मात्र ही निवड त्याची नव्हती. १८७८च्या शस्त्र कायद्याने तर हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना सक्तीचा केला आणि गोऱ्यांना त्यातून सूट दिली.

१९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला रिग्बीची रायफल भेट मिळाली. २०१५ मध्ये ती पुन्हा त्याच कंपनीने आपल्याकडे आणून जपून ठेवली. बंदूक कोणी घडवली, कोणी चालवली, सगळं नोंदलेलं आहे. 'संग्राम'ने किती जनावरं मारली, तेही नोंदलेलं आहे. हाका घालताना कोण पडलं, याची अशी वही मला कुठे सापडली नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर या साऱ्यावर पडदा पडला. खानदेशातल्या ज्या रानांत वाघाच्या भीतीने वाटा ओस पडत, तिथे आता शेतं आहेत. जातिवंत कारागिराची रायफल नेम चुकत नाही, हे खरंच. वाघ संपण्यामागे जंगलतोड होती, तसा हा न चुकणारा नेमही होता.

सारंगखेड्याच्या बाजारात परवा कुणी पुन्हा विचारील, "कोणाच्या दावणीचा?" प्रश्न चांगलाच आहे. मी त्याच्यामागे आणखी एक जोडतो. निवड फसली तर पडणार कोण, घेणारा की त्याच्यासाठी पुढे चालणारा?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)