दोरो नदीकाठचा सांजाव

पोर्तुगालच्या उत्तरेस दोरो नदी अटलांटिक महासागराला मिळते, त्या मुखाजवळच्या टेकड्यांवर पोर्तो हे शहर वसले आहे. दरवर्षी २३ जूनच्या रात्री सेंट जॉनचा, म्हणजेच 'साव जुआंव'चा उत्सव येथे साजरा होतो आणि २४ जूनला शहरात स्थानिक सुट्टी असते. गंमत म्हणजे हा संत पोर्तोचा अधिकृत संरक्षक नव्हे. तो मान वांदोमाच्या मातेकडे आहे. तरीही लोकांच्या मनातला सण हाच. जूनमधील सर्वांत मोठ्या दिवसाच्या जुन्या लोकविधींवर ख्रिस्ती सणाचा साज चढला, असे त्याचे स्वरूप आहे.

उत्सव रात्रीचा असल्याने दिवस निवांत फिरण्यासाठी मोकळा मिळतो. सुरुवात साव बेंतू रेल्वे स्थानकापासून करावी. जॉर्ज कोलासू या चित्रकाराने सुमारे २० हजार निळ्या-पांढऱ्या फरशांवर पोर्तुगालचा इतिहास येथे चितारला आहे. जवळच १७६३ मध्ये पूर्ण झालेला ७५ मीटर उंचीचा क्लेरिगुश मनोरा आहे. नूतनीकरणानंतर २०२२ मध्ये पुन्हा सुरू झालेल्या बुल्याव मंडईत या दिवसांत 'मांजेरिकू'च्या कुंड्या मांडलेल्या दिसतात. तुळशीच्या कुळातील हे बारीक पानांचे रोपटे, त्यात खोवलेले कागदी फूल आणि चार ओळींचे प्रेमगीत, अशी ही भेट असते. रोपाला नाक लावायचे नाही; हात फिरवून हाताचा वास घ्यायचा, हा संकेत.

दुपारी दों लुईश पुलावर जावे. आयफेल यांचे एकेकाळचे सहकारी तेओफिल सेरिग यांनी रचलेला हा दुमजली लोखंडी पूल १८८६ मध्ये खुला झाला. वरच्या मजल्यावरून आता मेट्रो व पादचारी जातात. पलीकडच्या गाया शहरात पोर्ट वाइनची जुनी कोठारे आहेत. दोरोच्या खोऱ्यातून 'राबेलू' या सपाट तळाच्या होड्यांतून पिंपे येथे येत. त्या होड्यांची शर्यत २४ जूनला भरते.

पुलाशेजारी रिबेइराच्या भिंतीवर एक कांस्यशिल्प आहे. २९ मार्च १८०९ रोजी फ्रेंच फौजेपासून पळणाऱ्या नागरिकांच्या गर्दीने येथील होड्यांचा पूल कोसळला आणि असंख्य लोक बुडाले. तेथे आजही मेणबत्त्या लावल्या जातात. उत्सवाच्या गर्दीतही हा कोपरा चुकवू नये.

सूर्यास्त नऊनंतर होतो. तोवर गल्लीगल्लीत शेगड्यांवर तारली मासे भाजले जात असतात. सोबत बटाटा व हिरव्या पानांचे सूप. रस्त्यात अनोळखी माणसेही एकमेकांच्या डोक्यावर प्लॅस्टिकची वाजणारी हातोडी हलकेच मारतात. ही हातोडी १९६३ मधली. त्याआधीपासून लसणाच्या कुळातील वनस्पतीचे फुलोरा आलेले लांब देठ वापरत आणि काही जण आजही वापरतात. मध्यरात्री नदीवर आतषबाजी होते. कागदी आकाशकंदील सोडले जातात. मात्र वणव्याचा धोका असल्यास त्यांवर बंदी येते. तरुण मंडळी शेकोटीवरून उड्या मारतात आणि नदीकाठाने ५-६ किलोमीटर चालत फोझच्या किनाऱ्यावर पहाट पाहतात.

गोव्यात हाच सण 'सांजाव' म्हणून २४ जूनला येतो. पोर्तुगिजांबरोबर आलेल्या या सणाने येथे पावसाळ्याचे रूप घेतले. पोर्तोत शेकोटीवरून उडी, तर गोव्यात डोक्यावर फुलांचे 'कोपेल' घालून भरलेल्या विहिरीत.

पोर्तोचा जुना भाग १९९६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. पर्यटन वाढले, तशी तेथील अनेक घरे पाहुण्यांच्या निवासात बदलली आणि जुने रहिवासी बाहेर पडले. हा उत्सव मात्र दारात शेगडी मांडणाऱ्या त्या रहिवाशांनीच जपला आहे. म्हणून आतषबाजी पाहून लगेच परतू नये. फोंताइन्यश वा मिरागाया या जुन्या वस्त्यांत जावे, तेथील घरगुती शेगडीवरची तारली घ्यावी आणि डोक्यावर बसलेली हातोडी हसून परत करावी.