मोटार सुरू न होणे : बॅटरी व विद्युत दोष

चावी फिरवूनही इंजिन न फिरणे किंवा संथ फिरणे. हा दोष बॅटरी, केबल, स्टार्टर (बोलीत ‘सेल्फ’) वा अल्टरनेटर यांपैकी कशातही असू शकतो. त्यामुळे मोजमाप न करता बॅटरी बदलली, तर तोच बिघाड पुन्हा उद्भवू शकतो.

रचना : मोटारीच्या १२ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीत सुमारे २.१ व्होल्टचे सहा सेल एकसरीत जोडलेले असतात. शिसे-आम्ल विद्युतघट फ्रान्सच्या गॅस्टन प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केले. चार्ल्स केटरिंग यांचा विद्युत स्टार्टर कॅडिलॅकच्या १९१२ च्या मोटारींत आला. मोटारीला सेल्फ फिरवण्यासाठी शंभराहून अधिक अँपिअरचा प्रवाह लागतो, डिझेल इंजिनाला त्याहूनही जास्त.

हवामानाचा परिणाम : उदाहरणार्थ, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याचा बराच भाग पर्जन्यछायेत आहे व उन्हाळ्यात पारा चाळिशीला पोहोचतो. उष्णतेने बॅटरीतील पाणी उडते, प्लेटांच्या जाळ्या गंजतात आणि उभ्या गाडीची बॅटरी लवकर उतरते. थंडीत बॅटरीची ताकद घटते, तर घट्ट झालेल्या ऑइलमुळे सेल्फवरचा भार वाढतो. त्यामुळे या जिल्ह्यातील कर्जत-जामखेडच्या उन्हात कमकुवत झालेली बॅटरी भंडारदऱ्याच्या हिवाळी पहाटे दगा देते. कच्च्या रस्त्यांवरील हादऱ्यांनी क्लँप सैल होऊन प्लेटा निखळतात आणि एखादा सेल बसतो.

लक्षणांवरून निदान : दिवे लावून चावी फिरवावी.
• सलग टकटक आवाज, दिवे मंद : बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल.
• एकच ‘टक’, दिवे प्रखर : सोलेनॉइड, कार्बन ब्रश वा स्टार्टर मोटर.
• आवाज नाही, दिवे प्रखर : फ्यूज, रिले, इग्निशन स्विच, ऑटोमॅटिक गाडीत गिअरचा स्विच.
• इंजिन जोमाने फिरते, पण पेट घेत नाही : दोष इंधन वा ठिणगीचा.

मोजमाप : काही तास उभ्या गाडीच्या बॅटरीवर मल्टीमीटरने सुमारे १२.६ व्होल्ट मिळाल्यास ती पूर्ण भरलेली असते, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली जवळपास रिकामी. सेल्फ मारताना दाब ९.६ च्या खाली गेला, तर बॅटरी कमकुवत समजावी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट अपेक्षित असतात. दाब १२ च्या आसपासच राहिला, तर अल्टरनेटर, त्याचा बेल्ट किंवा रेग्युलेटर तपासावा. सेल्फ मारताना ऋण टर्मिनल व इंजिन यांत ०.३ व्होल्टहून अधिक फरक पडला, तर अर्थिंग खराब असते. गाडी रात्रभर उभी असता बॅटरी उतरत असल्यास, बंद अवस्थेतील ५० मिलीअँपिअरहून जास्त प्रवाह गळती दर्शवतो. मागून बसवलेली उपकरणे बहुधा याचे कारण असतात.

उपाय : टर्मिनलवरील हिरवट-पांढरा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा, वायर ब्रशने धातू चकचकीत करावा, क्लँप आवळून वर व्हॅसलीन लावावे. झाकणे उघडणाऱ्या बॅटरीत खुणेपर्यंत डिस्टिल्ड वॉटरच घालावे. आम्ल किंवा बोअरचे पाणी नव्हे. दुसऱ्या गाडीवरून जोडणी देताना आधी दोन्ही धन टर्मिनल जोडावीत, मग चांगल्या बॅटरीचे ऋण. शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावे. कारण चार्ज होताना निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेटू शकतो. केबल उलट क्रमाने काढाव्यात. मॅन्युअल गिअरची गाडी धक्क्याने सुरू होते, ऑटोमॅटिक नाही.

विल्हेवाट : बॅटरीतील शिसे विषारी असून ते वितळवून पुन्हा वापरता येते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार निकामी बॅटरी परत घेऊन पुनर्चक्रणाची व्यवस्था करणे उत्पादकाला बंधनकारक आहे. ग्राहकाने ती इतर कचऱ्यात न टाकता संकलकाकडे द्यायची असते.