सत्यशोधक समाज, कोल्हापूर

महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाची कोल्हापूर संस्थानातील शाखा. स्थापना ११ जानेवारी १९११. अध्यक्ष भास्करराव विठोजीराव जाधव. देव आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको, ही समाजाची मूळ शिकवण. कोल्हापूर भागात ती शेतकऱ्याच्या लग्नमांडवापर्यंत पोचली.

पुरोहितावाचून धर्म पाळणारे शेतकरी इतरत्रही होऊन गेले. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स यांच्या शिकवणीतून उभ्या राहिलेल्या क्वेकर पंथाने पगारी पाद्री नाकारला आणि चर्चचा दशमांश कर न भरता तुरुंगवास सोसला. क्वेकरांचे वधूवर जमलेल्या मंडळींसमोर स्वतःच वचन देतात. १६८१ साली विल्यम पेन यांना पेनसिल्व्हेनियाची सनद मिळाल्यावर त्यांच्यातील अनेकांनी तेथे वसून शेती केली. फुले यांनी घालून दिलेल्या पुरोहिताविना विवाहविधीतही वधूवर एकमेकांशी मराठीत बोलतात आणि वधू स्त्रियांच्या हक्कांचे वचन मागते. पेनसिल्व्हेनियाच्या क्वेकरांना मात्र नवी भूमी मिळाली होती. कोल्हापूरच्या सत्यशोधकाला त्याच गावात, त्याच भावकीत, ग्रामजोशाच्या नजरेसमोर राहायचे होते. त्याचे धाडस म्हणूनच मोठे मानले पाहिजे.

छत्रपतींना वेदमंत्रांनी विधी करण्याचा हक्क नाकारल्यावरून संस्थानात १८९९ पासून वेदोक्त प्रकरण धुमसत होते, त्यामुळे जमीन तयार होती. मुहूर्त, दक्षिणा आणि शिधा यांचा खर्च कुणब्याला कर्जात लोटतो, हे फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये १८८३ सालीच मांडले होते. जाधवांनी ‘घरचा पुरोहित’ हे विधींचे पुस्तक लिहिले आणि १९१३ मध्ये कोल्हापुरात ब्राह्मणेतर पुरोहितांच्या शिक्षणासाठी शाळा निघाली. घरातला किंवा भावकीतला जाणता माणूस लग्न लावू लागला. १९१८ मध्ये संस्थानचे अधिपती छत्रपती शाहू महाराजांनी गावाचे दप्तर सांभाळणारे वंशपरंपरागत कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमले. मांडवातली मक्तेदारी आणि जमिनीच्या दप्तरावरची मक्तेदारी शेतकऱ्याला वेगळ्या वाटत नव्हत्या.

शाहू महाराजांचा समाजाला भक्कम पाठिंबा होता. पण वेदोक्ताचा आग्रह आणि आर्य समाजाची ओढ यांमुळे त्यांची वाट काहीशी निराळी राहिली. १९२० मध्ये त्यांनी पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठात सदाशिवराव बेनाडीकर यांना क्षात्रजगद्गुरू, म्हणजे मराठ्यांचे धर्मगुरू, नेमले. हा निर्णय फुल्यांच्या विचाराशी जुळत नाही. मध्यस्थाची जात बदलली, पण मध्यस्थ राहिलाच.

६ मे १९२२ रोजी महाराजांचे निधन झाल्यावर चळवळीचे बळ ब्राह्मणेतर पक्षाच्या निवडणुकांकडे वळले आणि जाधव मुंबई इलाख्याचे मंत्री झाले. धर्मविधींचे काम मागे पडले, शिक्षणाचे टिकले. कुंभोज येथे जैन शेतकरी घराण्यात जन्मलेले भाऊराव पाटील याच चळवळीत घडले. त्यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली.