‘समाधाना’कडून ‘अनुभवा’कडे : बाह्यरुग्ण मानसोपचारातील रुग्ण-सर्वेक्षणांची जडणघडण

प्रस्तावना

मनोरुग्णाचे बोलणे दीर्घकाळ आजाराचे लक्षण म्हणून नोंदले गेले. उपचारांविषयीची साक्ष म्हणून ते क्वचितच ऐकले गेले. १९०८ साली अमेरिकेत क्लिफर्ड बिअर्स यांनी मनोरुग्णालयांतील आपल्या वास्तव्याचा वृत्तान्त ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला आणि सुधारणेच्या चळवळीस चालना मिळाली. परंतु एका व्यक्तीचे आत्मकथन वेगळे आणि असंख्य रुग्णांना पद्धतशीरपणे प्रश्न विचारणे वेगळे. हे दुसरे कार्य कसे घडत गेले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात प्रामुख्याने अमेरिका व इंग्लंड यांच्या संदर्भात घेतला आहे.

समाधानाचे मापन

१९६३ च्या कायद्यान्वये अमेरिकेत सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली व उपचार रुग्णालयाच्या भिंतींबाहेर आले. १९७५ च्या कायदेदुरुस्तीने या केंद्रांवर स्वतःच्या कार्याच्या मूल्यमापनाची जबाबदारी टाकली. या पार्श्वभूमीवर १९७९ मध्ये लार्सन, अ‍ॅटकिसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सेवार्थींच्या समाधानाची प्रश्नावली प्रसिद्ध केली. आरंभीच्या ८१ प्रश्नांतून निवड होत होत अखेर अवघे ८ प्रश्न उरले. सुटसुटीतपणा व सांख्यिकीय विश्वसनीयता यांमुळे ही प्रश्नावली अनेक देशांत स्वीकारली गेली.

तथापि, एक अडचण लवकरच ध्यानात आली. सेवा कशीही असो, बहुसंख्य रुग्ण ‘समाधानी’ असल्याचेच उत्तर देत. १९९८ मध्ये विल्यम्स, कॉइल व हीली यांनी ब्रिटनमधील मानसिक आरोग्य सेवेच्या वापरकर्त्यांच्या सविस्तर मुलाखतींद्वारे या कोड्याची उकल केली. रुग्णाला आलेला अनुभव वाईट असला, तरी ‘ते त्यांचे कर्तव्यच नव्हते’ किंवा ‘त्यात त्यांचा दोष नव्हता’ असा विचार करून तो सेवेस दोष देण्याचे टाळतो. म्हणजेच, समाधानाच्या उच्च गुणांमागे क्लेशदायक अनुभव दडलेला असू शकतो. मोजमाप विश्वसनीय होते. पण ते नेमके कशाचे होते, हा प्रश्न उरला.

अनुभवाची विचारणा

दरम्यान, १९८७ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या पिकर-कॉमनवेल्थ उपक्रमाने सर्वसाधारण रुग्णालयीन सेवेबाबत वेगळी दिशा दाखविली होती. ‘आपण समाधानी आहात का?’ याऐवजी ‘प्रत्यक्ष काय घडले?’ असे विचारावयाचे, हे तिचे सूत्र होते. १९९५ पासून अमेरिकी शासनाच्या साहाय्याने रुग्णानुभवाच्या प्रमाणित सर्वेक्षणांची मालिका आकारास आली. पुढे मानसोपचारासाठी आधीच वापरात असलेल्या दोन प्रश्नावल्यांच्या एकत्रीकरणातून ‘एको’ हे सर्वेक्षण सिद्ध झाले. उपचारकांनी आपले म्हणणे लक्षपूर्वक ऐकले का, समजेल अशा भाषेत सांगितले का, औषधांच्या दुष्परिणामांची कल्पना दिली का, अशी विचारणा त्यात आहे. ‘कधीच नाही’ ते ‘नेहमी’ अशी वारंवारितेची श्रेणी वापरल्याने रुग्णाला निवाडा द्यावा लागत नाही. घडलेले सांगावे लागते. इंग्लंडमध्येही २००४ पासून सामुदायिक मानसिक आरोग्य सेवा घेणाऱ्यांचे राष्ट्रीय सर्वेक्षण सुरू झाले.

प्रश्न कोणी ठरवावेत, हा मुद्दाही येथे महत्त्वाचा ठरतो. १९७९ च्या प्रश्नावलीतील प्रश्नांची प्राथमिक छाननी मानसिक आरोग्य व्यावसायिकांनी केली होती. कालांतराने मात्र प्रश्नांची निवड व शब्दरचना यांत रुग्णांचाही सहभाग असावा, हा विचार दृढ होत गेला.

समारोप

भारतात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला व मानसोपचार जिल्हा पातळीवर नेण्याचा प्रयत्न झाला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने सेवेतील त्रुटींबाबत तक्रार करण्याचा हक्क रुग्णास दिला. परंतु तक्रार तोच करतो, ज्याला बोलण्याचे धैर्य असते. सर्वेक्षण न बोलणाऱ्यापर्यंतही पोहोचू शकते. मराठीत अशी प्रश्नावली रचताना केवळ भाषांतर पुरेसे ठरणार नाही. बाह्यरुग्ण विभागात रुग्णासोबत आलेला नातेवाईकच पुष्कळदा उत्तरे देतो, आणि ‘डॉक्टरसाहेबांविषयी’ बोलताना संकोच आड येतो. त्यामुळे उत्तर कोणाचे, ते कोणासमोर दिले आणि प्रश्न कोणी रचला, या तिन्ही बाबी प्रश्नावलीच्या रचनेतच विचारात घ्याव्या लागतील. उपरोक्त इतिहासाचा बोध हाच की, रुग्णाला प्रश्न विचारल्याने त्याचे म्हणणे ऐकले जातेच असे नाही. ते ऐकू येईल असा प्रश्न घडवावा लागतो.