टेपची ढील

परवा ऑफिसात नव्याने लागलेल्या एका मुलीने विचारलं, "सर, बॅकअप अजून टेपवर? म्हणजे कॅसेटवर?" प्रश्न तसा रास्त आहे. पण फेब्रुवारी २०११ मध्ये एका चुकीच्या अपडेटमुळे काही जीमेलवाल्यांच्या पेट्या रिकाम्या झाल्या, तेव्हा डिस्कवरच्या सगळ्या प्रती एकदमच गेल्या होत्या. ती पत्रं गूगलने परत आणली ती टेपवरून. टेप कपाटात पडून असते, तिला कुठला बग चावत नाही. तेव्हा मंडळी, आजचा विषय टेपच. त्यातही टेप हलते कशी आणि थरथरते कुठे, एवढाच. क्षमता, किमती वगैरे कुठेही मिळतात.

युनिव्हॅकची १९५१ ची टेप चक्क धातूची होती. आयबीएमने १९५२ साली ७२६ नावाचा ड्राइव्ह आणला, त्यात प्लास्टिकची फीत. वेग सेकंदाला ७५ इंच. अडचण वेगाची नव्हतीच, थांबण्याची होती. तेव्हाच्या संगणकाची मेमरी एवढीशी. तो थोडं वाचणार, हिशेब करणार, मग पुढचं मागणार. म्हणजे टेप १० मिलिसेकंदांच्या आसपास थांबली पाहिजे आणि तेवढ्याच वेळात परत पळाली पाहिजे. फीत हलकी, तिला जमेल. पण रीळ जड. रिळाला एवढ्या झटक्यात फिरवलं तर फीत ताणणार नाहीतर तुटणार.

याचं उत्तर वसईत संक्रांतीला कुठल्याही गच्चीवर दिसतं. पतंग उडवणारा झपाझप खेचतो, सोडतो. फिरकी धरलेलं पोर काही त्या वेगाने फिरकी फिरवू शकत नाही. म्हणून दोघांच्या मधे मांजा सैल पडलेला असतो. झटका त्या ढिलीत जिरतो, पोर आपलं सावकाश गुंडाळत बसतं. आयबीएमच्या जेम्स वायडेनहॅमरने हेच केलं. रीळ आणि हेड यांच्यामधे उभी पोकळ खोकी ठेवली, खालून हवा ओढून घेतली, आणि फितीचा एक सैल वेढा त्यात लोंबता ठेवला. हेडपाशी फीत वाटेल तशी दचकू दे. वेढा लांब-आखूड होतो, आणि तो किती उतरलाय ते बघून रिळाची मोटर मागाहून फिरते. जुन्या सिनेमांत संगणक म्हणून जी रिळं गचके देत फिरताना दाखवतात ना, ते गचके म्हणजे वेढा भरून काढण्याची धडपड. विचार वगैरे काही चाललेला नसतो :-)

मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये १९६४ साली सीडीसी ३६०० आला. देशभरातल्या संस्थांची कामं तिथे चालायची. त्या पिढीच्या प्रोग्रामरला टेपचं हे थांबणं-निघणं कोडमध्ये सांभाळावं लागे. कारण थांबायला आणि वेग घ्यायला जागा लागते, ती टेपवर कोरी सोडायची. नऊ ट्रॅकच्या टेपवर ही फट ०.६ इंचाची. इंचाला ८०० अक्षरं धरली तर ८० अक्षरांचं एक कार्ड ०.१ इंचात मावतं. एकेक कार्ड सुटं लिहिलंत तर सातातले सहा भाग टेप कोरी! म्हणून रेकॉर्डचे गठ्ठे बांधायचे. कोबोलमधलं 'ब्लॉक कंटेन्स' हे कलम त्याचंच. आम्ही ते कॉलेजात पाठ केलं, का ते कोणी सांगितलं नाही. असो.

पुढे मेमरी स्वस्त झाली. १९८४ च्या आयबीएम ३४८० ने ती हवेची खोकी काढूनच टाकली. आता ढील फितीत नाही, तर बफरमध्ये. टेपने आपलं एका लयीत वाहत राहायचं. पण बफर रिकामा पडला तर? ड्राइव्हला थांबावं लागतं. मग तो थोडा पुढे घसरतो, मागे येतो, पुन्हा वेग घेऊन जुन्या जागी लिहायला लागतो. याला शू-शायनिंग म्हणतात, म्हणजे स्टेशनावरच्या पॉलिशवाल्याचा ब्रश. मी एका ऑफिसात (नाव राहू दे) हा आवाज रात्रभर ऐकलाय. लाखो बारक्या फायली, मंद नेटवर्क, आणि ड्राइव्ह बिचारा घासतोय. सकाळपर्यंत बॅकअप निम्मासुद्धा नाही. बारक्या फायली आधी डिस्कवर एकत्र करून मग टेपवर ओतल्या, तेव्हा आवाज थांबला.

इथवरची लढाई फितीच्या लांबीतली. २००० साली एलटीओ आली आणि लढाई आडवी झाली. अर्ध्या इंचाच्या फितीवर सुरुवातीला ३८४ ट्रॅक होते. २०२१ च्या एलटीओ-९ वर ८,९६०. १२.६५ मिलिमीटरला ८,९६० ने भागा: एकेका ट्रॅकला दीड मायक्रॉनसुद्धा येत नाही. केस ७० मायक्रॉनचा धरला तर त्याच्या जाडीत जवळपास पन्नास ट्रॅक. फीत धावताना तेवढी तर सहज डुलते.

म्हणून कारखान्यातच फितीवर तिरप्या रेघांच्या जोड्या लिहून ठेवतात, एक अशी कललेली तर दुसरी उलट. हेड दोन रेघांमधला वेळ मोजतं. वर सरकलं तर वेळ कमी, खाली सरकलं तर जास्त. त्यावरून आपण कुठे आहोत ते कळतं आणि हेड तेवढं सरकवलं जातं. फारच भरकटलं तर शेजारच्या ट्रॅकवर लिहिलं जाऊ नये म्हणून लिहिणंच थांबतं.

माझ्या मते खरी गंमत रोलरची आहे. पूर्वी रोलरला कडा असायच्या, फितीने बाहेर जाऊ नये म्हणून. पण फितीची बाजू कडेला आपटली की बारीक, झटपट उडी बसते, आणि हेडला एवढ्या चपळाईने सरकता येत नाही. विरार लोकलमध्ये उभ्याने येणाऱ्यांना हे समजवायला नको. गाडी संथ डुलत असेल तर माणूस न धरताही तोल सांभाळतो. सांध्यावर एक गचका बसला की शेजारच्याच्या अंगावर. मग काही ड्राइव्हमध्ये कडाच काढून टाकल्या. रोलरवर बारीक खाचा पाडल्या, मधली हवा निघून जाते आणि फीत रोलरला धरून राहते. फीत आता जास्त डुलते, पण सावकाश. आणि सावकाश डुलणं हेडला झेपतं.

डिसेंबर २०२० मध्ये आयबीएमच्या झुरिक प्रयोगशाळेने फुजीफिल्मबरोबर एका प्रायोगिक फितीवर, एका कार्ट्रिजमध्ये ५८० टेराबाइट मावतील एवढी घनता दाखवली. हेड जागेवर धरलं होतं ३.२ नॅनोमीटरच्या अचूकतेने. फीत धावत होती ताशी साधारण १५ किलोमीटरने. वसई रोडला न थांबणारी गाडी तर याच्या कितीतरी पट जोरात जाते, आणि तिथे पिवळ्या रेघेमागे उभं राहायची अचूकता अजून आपल्याला जमलेली नाही.